पहिलं की दुसरं

परवा तो वाळवंटातला पाहिला, गाजलेला.
नायक भर जुलैत अनवाणी पळतो,
मागे उंटांची रांग, पुढे हेलिकॉप्टर.
मी मुहर्रकला नऊ उन्हाळे काढलेत.
दुकानातून गाडीपर्यंत जाईतो
चपलेचा तळवा मऊ पडतो इथे.
त्याच्या टाचेला साधा फोड नाही.
शाहीन म्हणाली, गाणी बरी होती.
गाणी बरी होती.

त्याआधीच्या शुक्रवारी एक जुना, कृष्णधवल.
चष्मेवाली मास्तरीण शेवटच्या रिळात चष्मा काढते
आणि अख्ख्या गावाला अचानक सुंदर दिसू लागते.
माझा धंदाच चष्म्याचा, म्हणून सांगते,
काच सपाट होती.
नंबराच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते,
तिची जागची हलत नव्हती.
आणि खरंच नंबर असता
तर जिना उतरताना दुसऱ्याच पायरीवर गडगडली असती बाई.
पण त्याच सिनेमात तिचा बाप
कंदिलापाशी सुईत दोरा ओवतो,
तीनदा चुकतो,
चौथ्यांदा दोऱ्याला थुंकी लावतो
आणि तोवर कॅमेरा हलत नाही.
तेवढ्यात पैसे वसूल.
(पैसे दिले नव्हते, ते सोडा.)

अंतराळातला नवा: झोपले.

पेंग्विनांची डॉक्युमेंटरी:
निवेदकाचा आवाज गृहकर्ज विकणाऱ्यासारखा.
पिल्लू हरवतं तिथे मी आवाज बंद करून पाहिलं.

अप्पा बार्शीत तेच पाहतात, जे मी इथे.
मधे अडीच तास.
माझ्या मध्यंतराला त्यांची मध्यरात्र.
फोनमधून घोरणं ऐकू येतं, मी ठेवत नाही.
सकाळी विचारतात, शेवटी काय झालं गं?
मी कुणालाच मरू देत नाही.
पिल्लू सापडलं.
नायिकेचा भाऊ लढाईवरून परतला,
तोही दोन्ही पायांवर चालत.
अप्पा म्हणतात, हल्लीचे सिनेमे फार गोड झालेत.

आणि मग ती मोती काढणाऱ्यांवरची.
निळं पाणी, आरपार.
पोरगा नाकाला चिमटा लावतो, पायाला दगड,
खाली शिंपले, जणू कुणी मांडून ठेवलेत पाहुण्यांसाठी.
वर होडीत सगळे गातायत.
मला आवडली. खरंच. थोडी रडलेही.

मंगळवारी बू राशिद आले नंबर तपासायला.
पंच्याऐंशीच्या पुढचे, वय विचारलं की हात हलवतात.
दहाव्या वर्षी होते म्हणे शेवटशेवटच्या एका होडीवर,
बुडी मारायला नव्हे,
भात वाढायला, दोर सोडवायला.
नातवाने तीच डॉक्युमेंटरी लावून दिली होती घरी.
विचारलं, कशी वाटली?
हनुवटी यंत्रावर टेकलेली, तसेच बोलले,
अर्धं अरबी, अर्धं बाजारातलं हिंदी:
गाणं जास्त आहे. एवढं गायला
तोंडात थुंकी लागते.
पाणी स्वच्छ असेलही,
पण खारानं डोळे सुजलेले असायचे,
माझा मामा चाचपून शिंपला काढायचा, आंधळ्यासारखा.
आणि वास? वास कुठाय?
डेकवर सडणाऱ्या शिंपल्यांचा वास
महिनामहिना भाताला यायचा.
कर्जाची वही तर उघडलीच नाही त्यांनी.

मग जरा थांबून,
तो पोरगा मात्र दोर नीट धरतो.
कुणीतरी शिकवलंय त्याला.

मी भिंग बदललं.
पहिलं स्पष्ट, की दुसरं?
दिवसातून चाळीसदा विचारते हे,
उत्तराची सवय झालेली,
निम्मे लोक मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतात.
पहिलं, ते म्हणाले.
नाही, थांब. दुसरं.
परत दाखव.
परत दाखवलं.

रात्री अप्पांनी विचारलं,
ती मोत्यांची कशी होती गं?
म्हटलं, बरी होती. वास नव्हता.
हं, म्हणाले.
आणि शेवट?